पेटीचं सासर

आमच्या शाळेतल्या बाजाच्या पेटीला सासर आहे, असं बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग पेटीकडे. पेटी बिचारी निर्दोष आहे. सगळं कारस्थान रेणुकाबाईंचं.

रेणुका तांबेबाई जयगड रस्त्यावरच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे. बाईंचाही हात त्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवर लहानपणीच बसला. म्हणून संगीताचा तासही त्यांच्याकडे आला. तो तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातला इतिहास आपोआप बंद पडतो.

पेटी दिली मुंबईकर मंडळाने, म्हणजे आमच्या वाडीतल्या, मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसांनी. देताना त्यांनी अट घातली: वर्षभर शाळेने वापरावी, सणावाराला वाडीने न्यावी. त्यामुळे कुणी मागितली तर नाही म्हणायची सोय नव्हती. आधीची पेटी अशीच भजनाला जाऊन आली होती. परत आली तेव्हा भाता फाटलेला आणि आत अर्धी करंजी. मुख्याध्यापक प्रमोद सरांनी ती करंजी चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली आणि जाहीर केलं, "या नव्या पेटीची एक जरी पट्टी मुकी होऊन आली, तर पेटी कायमची समाजमंदिरात आणि संगीताच्या तासाला गणित!"

मुलांचे चेहरे पडले. सातवीतली स्वानंदी तर रडायलाच लागली. तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेत तिला पहिल्यांदाच पुढे उभं राहून गायचं होतं.

मी याच शाळेचा माजी विद्यार्थी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्यामुळे वाडीत कुठलाही प्रश्न आला की मला वायर जोडायची घाई. मी पेटीच्या खोक्याला आकड्यांचं कुलूप बसवून दिलं. मधल्या सुट्टीपर्यंत चौथीच्या पोरांनी ते उघडलं होतं.

बाई हसल्या. म्हणाल्या, "कुलपाला कोण घाबरतो रे? आपल्याकडे माणूस घाबरतो तो सुनेच्या माहेरच्यांना."

दुसऱ्या दिवशी पेटी बाईंच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेली, पाटावर बसलेली दिसली. बाईंनी मुलींना सांगून ठेवलं, "ही आपली लेक. मागायला येतील त्यांना द्यायची. पण दिली म्हणजे टाकली नाही."

भाद्रपदात पहिले आले अण्णाबुवा. अण्णा म्हणजे आमच्या भजनाचे बुवा. आवाज असा की एस.टी.चा ड्रायव्हर थांबा नसताना ब्रेक दाबतो.

"बाई, पेटी नेतो."

"नेतो? लेक अशी नेतात होय, अण्णा? दोन माणसं आणा, नारळ आणा."

अण्णा खो खो हसले. "आणि ओटी नको भरायला?"

"ओटीबिटी राहू दे. नारळ आमटीत लागतो पोरांना."

अण्णा खरंच नारळ घेऊन आले. त्यांना वाटलं गंमत तिथे संपली. पण दारात स्वानंदी आडवी उभी होती.

"हिला पाटावर बसवायची. डोक्यावर ताट ठेवायचं नाही. चहाचा पेला जवळ आणायचा नाही. दमट हवा सोसत नाही तिला, गाणं झालं की लगेच साडी गुंडाळायची."

"अगो, सून नेतोय की कलेक्टरीण?"

"आम्ही गौरीच्या दिवशी बघायला येणार आहोत," स्वानंदी म्हणाली.

बाईंच्या घरी गणपती नसतो. त्यामुळे गणपतीत सगळी वाडी कामात बुडालेली असते तेव्हा बाईंना भरपूर वेळ. गौरीच्या दुपारी सहा-सात मुली घेऊन त्या अण्णांच्या अंगणात हजर. पडवी पाहुण्यांनी भरलेली. अण्णांच्या बहिणी, मुंबईचे भाचे, कोपऱ्यात नव्वदीला टेकलेली आत्या.

"आमची लेक बरी आहे ना?" मुलींनी एका सुरात विचारलं.

अण्णांची नजर आढ्याकडे गेली. "आराम करते."

"भर दुपारची?"

"जागरण झालं तिला."

"नुसतं तोंड बघून जातो."

"झोपलेल्या माणसाला उठवू नये गो."

तेवढ्यात आतून उमाकाकी आल्या, अण्णांची बायको. हातात मोदकांचं ताट. "कसली झोपते! काल ह्यांनी चहा सांडला तिच्यावर. चुलीवरच्या माळ्यावर टाकलीय सुकायला."

आता यात अण्णांना काही वावगं वाटलं नव्हतं. पावसाळ्यात आमच्याकडे जे भिजतं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. दप्तर, छत्री, एकदा तर माझा मोबाईलही जाऊन आला. पण गणपतीत घरात मासळी चालत नाही, म्हणून सुक्या बोंबलांचा डबा कापडात बांधून त्याच माळ्यावर ढकललेला होता. पेटी त्याला टेकून रात्रभर शेकत पडली होती.

पेटी खाली आली. बाईंनी भाता हलवला आणि पट्ट्या दाबत गेल्या. दोन पट्ट्या खाली गेल्या त्या वर आल्याच नाहीत. स्वानंदीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी पेटी साडीत गुंडाळली.

"चला गो. लेक माहेरी न्यायची."

"बाई! उद्या भजनाला खालच्या वाडीची माणसं यायचीत!"

"मग टाळ वाजवा."

कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला, "काय रे मेल्या, दुसऱ्याची लेक माळ्यावर टाकलीस?"

बस्स. सगळी पडवी फिरली. बहिणी म्हणाल्या, शोभतं का हे. भाचे तोंड दाबून हसले. उमाकाकी म्हणाल्या, "मी कालच सांगत होते." गेली कित्येक वर्षं अण्णांना त्यांच्या घरात कुणी चाल चुकली असंसुद्धा म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बाईंच्या दारात, पेटी दुरुस्त करून आणतो म्हणत. घरात गणपती बसलेला असताना अण्णा कधी गाव सोडून गेले नव्हते, पण त्या दिवशी स्कूटरवरून रत्नागिरीला गेले. मागे उमाकाकी, काकींच्या मांडीवर साडीतली पेटी. हातखंब्याच्या मेहुण्याने म्हणे रस्त्यात हटकून विचारलं, बाळ कुणाचं? पेटी दुरुस्त करणाऱ्याने पट्ट्या काढून मधली चिकट साखर पुसली, सूर लावून दिले.

संध्याकाळी भजन झालं. पेटी पाटावर, आणि तिच्या शेजारी दुसऱ्या पाटावर स्वानंदी. अण्णांचा हात चहाकडे गेला की ती खोकायची. शेवटी खालच्या वाडीच्या बुवांनी विचारलं, "मुलीला औषध देत नाही काय?" अण्णांनी चहा मागे सारला आणि तसंच पुढचं भजन उचललं.

सुट्टी संपून शाळा उघडली. प्रमोद सर थेट पेटीपाशी आले. मुली भिंतीला टेकून उभ्या. सरांनी एक एक पट्टी दाबली. सगळ्या बोलल्या. सरांनी पुन्हा उलट्या दिशेने दाबत आणल्या. तरी बोलल्या.

"ठीक आहे," सर थोडे नाराज होऊनच म्हणाले. "संगीताचा तास राहू दे."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्यांना गप्प करायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. त्यांनी नाक वर केलं, खिडकीकडे बघितलं. खिडकीत शाळेची मांजर येऊन बसली होती, तिचंही नाक पेटीकडेच.

"बाई, आज पोषण आहारात बोंबील आहेत का?"

"नाही हो सर," रेणुकाबाई पेटीची साडी सारखी करत म्हणाल्या. "सासरचा वास आहे. जाईल हळूहळू."