हेर ल्युफ्टनची खिडकी

दुसऱ्याच्या घरात शिरून आधी त्याच्या खिडक्या उघडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या म्युनिकच्या बिल्डिंगचा हाउसमाइस्टर. काम दुरुस्त्या बघायचं, पण रुबाब असा की जणू सगळ्या भाडेकरूंचा बाप. दारात नमस्कार-चमत्कार काही नाही. बूट न काढता तरातरा आत, खिडकी सताड उघडी आणि एकच शब्द, "ल्युफ्टन!" हवा येऊ द्या. बाहेर बर्फ पडत असला तरी! आम्ही त्याचं नावच हेर ल्युफ्टन, म्हणजे श्रीयुत ल्युफ्टन, ठेवलं, आणि ते प्रेमाने वगैरे अजिबात नाही.

बिल्डिंग जुनाट. प्रत्येक खिडकीखाली पत्र्याची पेटी, हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार हवा फेकणारी. आत तांब्याच्या नळीची कॉइल, तिच्यातून पाणी फिरतं. माझ्या मुलीच्या खोलीतल्या पेटीखाली पाणी साचायला लागलं, लाकडी जमीन फुगली, भिंतीवर काळी बुरशी चढली. मी म्हटलं, कॉइल गळतेय, बदला. तो वाकलासुद्धा नाही. फक्त नाक वर करून वास घेतला. स्वयंपाकघरात सासूबाईंच्या इडल्या होत होत्या.

"वाफ," तो म्हणाला. "तुम्ही लोक दिवसभर वाफ करता, ती भिंतीवर बसते. कॉइलला काही झालेलं नाही."

तुम्ही लोक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात सासूबाई त्या पेटीवर दही लावायच्या, उबेला छान लागायचं. ते भांडं दिसल्यावर तर त्याला मुद्देमालच सापडला. "हे बघा, पाणी इथून!" मी म्हटलं, ते दही आहे, नळ नाही. त्यावर पुन्हा "ल्युफ्टन!" तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, म्हातारा माणूस आहे, चहा तरी विचारायचास." मी म्हटलं, "अहो आई, चहाचीही वाफ होते."

विनोद तिथेच संपला. घरमालकिणीने बजावलं, की बुरशी तुमच्यामुळे आली असेल तर घर सोडा. आणि तिचा विश्वास या एकाच माणसाच्या शब्दावर. म्युनिकमध्ये दुसरं घर मिळवणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. मुलगी कुठे नुकती किंडरगार्टनमध्ये रडायची थांबली होती. मी त्या माणसाला रोज मनातल्या मनात शिव्या घालत होते, अगदी अस्सल पुणेरी.

शेवटी मालकिणीने मेकॅनिक आणला. पत्रा निघाला. आत नळीवर हिरवा थर, आणि वाकणावरून टपटप पाणी. मेकॅनिक म्हणाला, "या रांगेतल्या सगळ्या कॉइल एकाच वयाच्या. खालचं घरही बघू या." खाली हेर ल्युफ्टन स्वतः राहायचा. तो आपल्या दारात आडवा उभा राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, बाजूला झाला.

पेटीखाली बादली होती. भोवती जुन्या टॉवेलांचा बांध. खिडकी सताड उघडी, खोली नुसती बर्फ, आणि पलंगावर पांघरुणाच्या वर त्याचा जाड कोट पसरलेला. म्हणजे हा माणूस खोटं बोलत नव्हता हो, ल्युफ्टनवर त्याचा खरंच विश्वास होता! अख्खा हिवाळा स्वतःची गळती हवेने वाळवत कुडकुडत बसला होता. मला हसू यायला हवं होतं. राग आला, आधीपेक्षा जास्त. स्वतः गारठलास तो गारठलास, माझ्या पोरीला कशाला रे?

मालकिणीने त्यालाच विचारलं, "मग चूक कोणाची?"

तो बादलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे लोक ल्युफ्टन करत नाहीत." मी तोंड उघडणार, तोच पुढे म्हणाला, "पण पाणी कॉइलचंच आहे. त्यांच्याकडे, आणि माझ्याकडेही."

घर राहिलं. सगळ्या रांगेच्या कॉइल बदलल्या. सॉरीबिरी काही नाही. जिन्यात भेटला की तेच तोंड वाकडं.

पुढच्या हिवाळ्यात तो निवृत्त होऊन बहिणीच्या गावी निघाला. मी वर खिडकीत उभी होते. निरोप द्यायला नव्हे, खरंच जातोय ना ते बघायला. टॅक्सीत बसता बसता त्याने वर पाहिलं. हात हलवेल असं वाटलं. त्याने आमच्या बंद खिडकीकडे बोट दाखवलं.

काय मेला माणूस! चार शब्द सुनवावेत म्हणून मी खिडकी उघडली. गार वारा भस्सकन तोंडावर आला. टॅक्सी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी ती तशीच उघडी ठेवली.