वांग्याच्या रंगाची खोली

मानकापूरचा पूल मागे पडला तेव्हा नुकतं उजाडत होतं. नवरात्राची पाचवी माळ होती. कोराडीच्या रस्त्यानं आमच्या पुढे-मागे माणसंच माणसं. कोणी अनवाणी, कोणी पायात नुसते मोजे चढवून, आणि मधूनच एखादं टोळकं जगदंबेचा जयजयकार करत पुढे निघून जायचं. माझी धाकटी जाऊ प्रेमिला माझ्या चार पावलं पुढे होती. साठी आली तिची, गुडघे माझ्याइतकेच कुरकुरतात, पण चालत होती अशी, की जणू देवळाचं दार बंदच होणार आहे.

"हळू चाल वं," मी म्हटलं. "देवी कुठं पळून नाही चालली."

"देवी नाही पळत, बाई. पण ऊन येते ना."

थोरल्या जावेला आमच्याकडे बाई म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला बाईच म्हणते.

मला तिच्याशी एक विषय काढायचा होता आणि निघाल्यापासून तो तोंडात घोळत होता. आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या दिराचा, रुपरावांचा फोन आला होता.

"वहिनी, तुमीच समजवा तिले," ते म्हणाले. "दसरा झाला का ती वैभवीच्या बाळंतपणाले पुण्याले जाते. तीन महिने काही येत नाही. इकडं रोहितच्या होणाऱ्या सासरचे लोक दिवाळी झाली का घर पाहाले येऊन राहिले. त्याच्या आधी त्या खोलीले क्रीम कलर मारून घेतो म्हणतो. मोठी खोली तीच हाय, नव्या जोडप्याले तीच द्या लागन ना? पण ही आयकतच नाही. तुमचं आयकन."

वैभवी त्यांची मुलगी, रोहित मुलगा. आणि ती खोली म्हणजे शहराच्या टोकाला, बेसा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधली प्रेमिलाची झोपायची खोली. वर्षभर आमच्या अख्ख्या नात्यात त्या खोलीशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

तिच्या भिंती वांग्याच्या रंगाच्या आहेत. भरताच्या वांग्याची साल असते ना, काळी म्हणावी तर जांभळी दिसते आणि जांभळी म्हणावी तर काळी, तो रंग. चारी भिंतींना तोच आणि वर छतालाही तोच. पेंटरनं डबा उघडून बघितला आणि रुपरावांना हळूच बाजूला घेऊन विचारलं म्हणे, "भाऊ, नंबर तर नाही चुकला?" खिडकीला डाळिंबी मखमलीचे पडदे, पार जमिनीला टेकणारे. जुन्या फर्निचरच्या दुकानातून आणलेला सागवानी पलंग, डोक्याशी नक्षी कोरलेला, त्याला असं पॉलिश की कॉफीची पूड वाटावी. पलंगाच्या दोन्ही बाजूंना पितळी दिवे, त्यांत पिवळे बल्ब. समोर पितळी चौकटीचा आरसा, त्यात ते दोन दिवे पुन्हा दिसतात. खाली गालिचा. ट्यूबलाइट नाही, कॅलेंडर नाही, कपाटावर बोजे नाहीत.

मी पहिल्यांदा आत गेले ती गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली भर दुपार होती. बेस्याच्या त्या नव्या लेआउटमध्ये सावलीला झाड नाही, ऑटोतून उतरून जिना चढेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. तिनं खोलीचं दार उघडलं आणि मला एकदम काही दिसेना.

"लायटी नाही लावल्या का वं?" मी विचारलं.

"लागल्या हायेत ना, बाई. डोये ठरू द्या थोडे."

डोळे ठरले. मग तो सगळा रंग हळूहळू पुढे आला. बाहेरच्या गाड्यांचा आवाज कुठं खाली बसला कोण जाणे. मी पलंगाच्या काठावर टेकले आणि मला वाटलं, इथंच आडवं व्हावं, दार लावून घ्यावं आणि संध्याकाळपर्यंत कोणी आपल्याला हाकच मारू नये.

पण तोंडानं म्हणाले, "सवाष्ण बाईच्या खोलीत काळा रंग चांगला नसतो, प्रेमिला."

घरी आले. नंदनवन वस्तीत आमचं घर. मुलाचं लग्न झालं तेव्हा आतली खोली त्याला आणि श्वेताला दिली. तेव्हापासून मी हॉलमधल्या दिवाणावर झोपते आणि आमचे हे फोल्डिंगच्या पलंगावर. पाठ टेकायची तर आधी टीव्ही बंद व्हायची वाट बघायची. त्या संध्याकाळी मी दिवा लावला, माळ घेऊन बसले आणि डोळे मिटले तर समोर देव येईना, प्रेमिलाची खोलीच येई. पांढऱ्या ट्यूबखाली माझ्या हॉलच्या भिंतीवरचा प्रत्येक डाग मला दिसत होता. सोफ्याचं कव्हर, गेल्या उन्हाळ्यापासून खिडकीत तसाच अडकवलेला कूलर, सगळ्याचा राग आला. जळफळाट म्हणतात तो हाच. त्याला दुसरं नाव मला देता येत नाही.

एखादी बाई पहिल्यापासून श्रीमंतीत राहिलेली असती तर मला काही वाटलं नसतं. प्रेमिलाचं सगळं मला माहीत आहे. सावनेरकडची ती, बापाच्या शेतात कापूस वेचून हाताला चरे पडलेले. रुपराव आमच्या घरी राहून आयटीआय शिकले, त्यांचा डबा मीच भरायची. अजूनही मी गेले की खुर्चीवरून उठतात आणि मी बसल्याशिवाय बसत नाहीत. त्यांना कोराडीला वीज केंद्रात नोकरी लागली, लग्न झालं आणि प्रेमिला कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. निवृत्तीपर्यंत तिथंच होती.

पाळीची नोकरी. रुपराव रात्रपाळी करून सकाळी येत आणि झोपत. म्हणून त्या क्वार्टरमध्ये दिवसाची रात्र करावी लागायची. खिडकीच्या काचांना खळीनं वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यावरून चादर ठोकलेली. कुकरच्या शिट्टीनं झोपमोड होईल म्हणून ही वरण गंजात, म्हणजे उघड्या पातेल्यात शिजवायची. पोरं खुणांनी बोलायची. रोहितला शाळेत घातलं तर तिथंही तो खुणाच करे. शेवटी शाळेतल्या शिक्षिकेनं प्रेमिलाला बोलावून विचारलं होतं, मुलाला ऐकू येतं ना? एवढा अंधार तिनं नवऱ्यासाठी रोज जमवला, पण त्यात ती स्वतः कधी आडवी झाली नाही. बाहेर पायरीवर बसून तांदूळ निवडायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करायची.

आणि वीज केंद्राच्या चिमण्यांची राख. दोरीवर पांढरी चादर टाकली की काढताना आधी झटकायची, मगच घडी. खिडकीचा कट्टा सकाळी पुसला तर दुपारी पुन्हा बोट उमटे. नोकरीच्या घरात भिंतीला चुना लावून मिळायचा तोच रंग, खिळा ठोकायचा तरी ही दहादा विचार करायची.

बेस्याला फ्लॅट घेतला तेव्हा तिनं रुपरावांना सांगितलं, "बाकी घर तुमच्या मनानं करा, एक खोली माह्या मनानं." त्यांना वाटलं असेल गुलाबी करेल. आता गंमत अशी, की रुपरावांना अंधारात झोपच येत नाही. अंधार दिसला की ड्यूटीवर निघायचंय असं वाटतं म्हणतात. हॉलमध्ये ट्यूब जळत ठेवून तिथंच घोरतात. म्हणजे ती खोली प्रेमिलाची एकटीची. दुपारी जेवण झालं की ती आत जाते, दार लावते आणि पाचपर्यंत बाहेर येत नाही. कोणी गेलं तर रुपरावच चहा करून देतात.

हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं आणि आम्ही झिंगाबाई टाकळी ओलांडून पुढे आलो होतो. रस्त्याच्या कडेला मंडप घालून काही पोरं पायी जाणाऱ्यांना उपासाची साबुदाण्याची उसळ आणि चहा वाटत होती. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टेकलो. प्रेमिलानं मोजे काढून तळपाय दाबले. मी म्हटलं, आता काढावाच विषय.

"रुपरावांचा फोन आला होता काल."

"मालूम हाय," ती म्हणाली. "माह्यासमोरच लावला त्यायनं. स्पीकर बंद करून. जसं का मले आयकूच येत नाही."

"मग? बरोबरच बोलतात ते. नवी सून येणार, पहिल्यांदा घरात पाऊल ठेवणार. तिला असली काळी खोली दाखवायची का?"

"तिले दुसरी दाखवा. फ्लॅटमंधी अजून एक खोली हाय."

"ती लहान आहे."

"माह्या क्वार्टरच्या दोन खोल्या मिळून तेवढ्या होत्या, बाई. त्यात दोन लेकरं वाढवली मी."

"अगं, पण शुभ-अशुभ काही असतं की नाही? घरात लग्नकार्य आहे."

तशी ती हसली. द्रोणातली उसळ चमच्यानं सारखी करत म्हणाली, "आपुन जिच्याकडं चाललो ते जगदंबा दिवसातून तीनदा रूप बदलते. सकाळी पोरगी, दुपारी बाई, संध्याकाळी म्हातारी. मी जिंदगीत एकदा भित बदलली तर एवढं काहून दुखून राहिलं सर्व्यायले?"

मला राग आला. देवीला मध्ये घालायचं काय कारण? आणि खरं म्हणजे शुभ-अशुभाचा मुद्दा तिनं एका वाक्यात उडवला होता. मग आतलं होतं तेच बाहेर आलं.

"मी नाही दिली माझी खोली?" मी म्हटलं. "सून आली, दिली. तक्रार केली का कधी? सगळेच देतात, प्रेमिला. तूच काय मोठी लागून गेली?"

आवाज जरा चढला असावा. चहा देणारा पोरगा आमच्याकडे बघायला लागला. प्रेमिलानं द्रोण खाली ठेवला.

"तुमी दिली," ती म्हणाली. "पण तुमाले कोणी मागतली होती का, बाई?"

कोणी मागितली नव्हती. साखरपुडा झाल्याबरोबर मीच माझं कपाट रिकामं केलं होतं. सगळ्यांनी किती कौतुक केलं होतं माझं. श्वेता तर म्हणालीही होती, आई राहू द्या, आम्ही बघू काहीतरी. मीच ऐकलं नाही. आणि आता ही बाई सरळ नाही म्हणते आणि आभाळ कोसळत नाही, याचाच मला खरा त्रास होता. तिचे पडदे, तिचा पलंग हे सगळं नंतरचं. मला हे 'नाही' हवं होतं आणि ते तिच्याकडे होतं.

"मले मागून राहिले तरी मी देत नाही," प्रेमिला पुढे म्हणाली. "पण मी पुण्याले गेली का मागाचा सवालच नाही. पेंटर येईन, दोन दिवसांत क्रीम मारून मोकळा होईन. पलंग विकून टाकतीन. मी परत येईन तवा म्हणतीन, आई, झालं ते झालं. वैभवीले नाही म्हणू शकत नाही मी. पहिलं बाळंतपण हाय तिचं. तिचे पाय सुजले हायेत, रोज फोनवर रडते."

"मग आता?"

"मंग काय. म्हणून तर तुमाले घेऊन आली एवढ्या दूर. नाहीतर एकटी नसती आली का मी?"

मला कळेना. ती मोजे चढवत होती, खाली वाकूनच बोलत होती.

"तुमी माह्या खोलीले लई नावं ठेवता, बाई. सर्व्यायच्या घरी जाऊन ठेवता. येते माह्या कानावर."

"मी काय—"

"राहू द्या. मले राग नाही. मी काय म्हणते, ज्याले एखादी गोष्ट आवडत नाही, तो एकदा बोलते अन् चुप बसते. तुमी वर्षभर बोलून राहिल्या. तवाच मले समजलं का तुमाले ते खोली लई आवडली."

माझे कान तापले. रस्त्यावरून कोळशाचा एक ट्रक धडधडत गेला, त्याची धूळ बसेपर्यंत ती थांबली. मग उठून उभी राहिली आणि मला उठवायला तिनं हात पुढे केला.

"यायले मी समजवू शकत नाही, ना रोहितले," ती म्हणाली. "पण थोरल्या वहिनीले ऊठ म्हणाची या माणसात हिंमत नाही. मी गेली का तुमी बेस्याले राहाले या, बाई. बॅग घेऊनच या. माह्या पलंगावर झोपा, दार लावून घेत जा, दिवे लावा नाहीतर नोका लावू. श्वेताले सांगा, प्रेमिलाकाकूनं बोलावलं. पेंटर आला तर आतूनच म्हणा, मी झोपली हाय. मी पुण्याहून येईपर्यंत त्या खोलीतून निघू नोका. एवढं करा माह्यासाठी."