मुदत नसलेली राखण

आमच्या बाबांना कशाचीच भीती वाटत नाही, अशी घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीत समजूत होती, आणि ती पसरवण्यात खुद्द बाबांचाच मोठा हात होता. खरं म्हणजे ते चांगलेच भित्रे होते. फक्त त्यांनी भीतीची व्यवस्था लावून ठेवली होती. दरवर्षी गावी जायचं, घरामागच्या राखणदाराला कोंबडा आणि नारळ द्यायचा, त्याच्यापुढे उभं राहून गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने मागणं, घालायचं आणि वर्षभराची काळजी त्याच्या अंगावर टाकून मुंबईला परतायचं. आम्हा कोकणातल्यांना राखण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. जागेचा जो धनी डोळ्यांना दिसत नाही, त्याने घरादाराला सांभाळावं म्हणून त्याला दिलेला तो मान असतो. वर्ष भरलं की तो पुन्हा द्यावा लागतो.

आमच्या घराण्यात गाऱ्हाणं घालायचे बाबाच. आवाज खणखणीत, आणि देवाशी बोलणं असं की गिरणीतल्या जॉबरशी, खात्याच्या मुकादमाशी, बोलताहेत. आदर पुरेपूर, पण मुद्दा सोडायचा नाही.

मग गिरण्यांचा संप झाला आणि बाबांची गिरणी सुटली ती सुटलीच. त्यापाठोपाठ छाती गेली. इतकी वर्षं कार्डिंग खात्यात पिंजताना नाकातोंडात गेलेला कापूस आता आतून हिशेब मागत होता. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं कामातून गेली आहेत, जपता येईल तेवढं जपा. प्रवास बंद झाला, म्हणजे गाव बंद झालं, म्हणजे राखण बंद झाली. बाबा दारातल्या बाकड्यावर बसून राहत. एकदा मला म्हणाले, "घराची राखण तो करता गो चेडवा. पण मी हयसून गेलंय की मगे माझी राखण कोण करतलो?"

मी तेव्हा अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि सगळ्या देवांवर सारखीच चिडलेली होते. "बाबा, गोळी घ्या आणि पडा जरा," एवढंच मी म्हणाले. पण तो प्रश्न काही पडला नाही. उठता-बसता ते तेच विचारायला लागले.

आमच्या वरच्या अंगाला एक नर्सबाई राहायच्या. नगरकडच्या, ख्रिस्ती, एकट्या. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणायची. बाबांना इंजेक्शन द्यायला त्या यायच्या, आणि रविवारी दुपारी त्यांच्या खोलीत प्रार्थना व्हायची तिथे आई जाऊन बसायला लागली. आधी आभार म्हणून, मग आवडीने. बाबांनी आठवडाभर तोंड फुगवलं. मग एका रविवारी तेही धापा टाकत चढून वर गेले, आईला परत आणायला. परत आले ते दोघं बरोबर, प्रार्थना संपल्यावर.

त्या दिवशी सिस्टरांनी अनंत जीवनाबद्दल सांगितलं होतं. येशूने एकदा हात धरला की मरणातही सोडत नाही, असं काहीतरी. बाबांनी त्यांना गाठून थेट विचारलं होतं, "ह्या राखणीची मुदत कधी भरता?"

"मुदत नाही, दादा."

"आणि मेल्यार?"

"मेल्यावरही तोच सांभाळतो."

घरी आल्यावर बाबांनी मान हलवली. "फुकटची राखण. टिकाची नाय." पण मला दिसत होतं, माणूस आतून हलला होता.

पुढच्या रविवारी बाबा काखेत टॉवेलखाली काहीतरी घेऊन निघाले. हातात नारळ. माझ्या खांद्यावर त्यांचा दुसरा हात, म्हणून मलाही जाणं भाग पडलं. सिस्टरांच्या खोलीत चटईवर माणसं डोळे मिटून बसली होती. बाबा भिंतीला टेकले. प्रार्थना अगदी रंगात आली असताना टॉवेलखालून कोंबडा आरवला. चांगला लांबलचक, गावच्यासारखा.

सगळ्यांनी डोळे उघडले. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. बाबांनी मात्र शांतपणे टॉवेल काढला, पाय बांधलेला लाल कोंबडा पुढे ठेवला, त्याच्यासमोर नारळ ठेवला आणि म्हणाले, "सिस्टर, मी तयार आसंय. ही येशूची राखण."

कुणीतरी फिसकन हसलं. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या बाबांच्या समोर जमिनीवर बसल्या. "दादा, हा मान त्याला पोचला. पण इथे कोंबडा कापायचा नसतो. तुमच्यासाठी जीव द्यायचा होता तो त्यानेच स्वतःचा दिलाय. एकदाच. आता दुसरा कुणाचा लागत नाही."

"मगे आमी काय देवचा?"

"विश्वास ठेवायचा."

"तेवढ्यार भागता?" बाबांच्या आवाजात निव्वळ संशय होता.

तेवढ्यात कोंबडा पुन्हा ओरडला, आणि आता सिस्टरांना हसू आवरेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ह्या कोंबड्याचीच एक गोष्ट आहे आमच्यात." मग त्यांनी सांगितलं, येशूला धरून नेलं त्या वेळी त्याचा सगळ्यात जवळचा शिष्य जिवाच्या भीतीने म्हणाला, मी ह्या माणसाला ओळखत नाही. एकदा नाही, तीनदा म्हणाला. आणि लगेच कोंबडा आरवला.

बाबा पुढे सरकले. "मगे? त्याका हाकलून दिल्यान नाय?"

"नाही. उलट आपली सगळी माणसं सांभाळायला त्याच्याच हाती सोपवली."

"चुकलेल्याच्याच हाती?"

"त्याच्याच."

गावी गाऱ्हाणं घालताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर बाबांना रात्रभर झोप लागत नसे, आणि दोन वर्षं राखण चुकली म्हणूनच आपली छाती बरी होत नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. त्यांनी कोंबड्याकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे, आणि टॉवेलने तोंड झाकून ते रडले. आपल्या बापाला चारचौघांत रडताना बघणं मला सहन होत नव्हतं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. कोंबडा शेवटी आईने नेला, सागोती केली, वडे तळले, आणि प्रार्थनेला आलेले सगळे आमच्याकडे जेवले. मी रागातच होते, तरी दोनदा वाढून घेतलं.

थोरले काका गावाहून आले ते त्यानंतर. बाबा आता येशूला मानतात, हे त्यांना कुणीतरी कळवलं होतं. ते भांडले नाहीत, तेच जास्त जड गेलं. बाकड्यावर भावाशेजारी बसून म्हणाले, "तू धर्म बदललंस तर बदल. पण गाऱ्हाणा आता कोण घालतलो रे?"

"तू घाल," बाबा म्हणाले.

"आणि तुका भय नाय वाटणा?"

बाबांनी श्वास गोळा केला. "वाटता. पण आता भय वाटला तरी चलता."

काकांना ते पटलं नाही. जाताना त्यांनी भावाच्या पाठीवर बराच वेळ हात ठेवला.

शेवटच्या महिन्यात बाबांचा आवाज गेला. श्वासच पुरेना, तर बोलणार कशावर? आणि ती जुनी भीती परत वर आली. हाताने छातीकडे, मग ओठांकडे दाखवून ते आईला खुणावत. आता मागू कसं? न मागता कोण सांभाळणार? सिस्टर म्हणत, "दादा, झोपलेलं मूल काही मागतं का?" त्याने थोडा वेळ बरं वाटे. मग पुन्हा हात छातीवर.

एका दुपारी आई पाण्याला गेली होती आणि सिस्टर ड्यूटीवर होत्या. घरात मी एकटी. बाबांनी माझं मनगट धरलं आणि वर बोट दाखवलं. तूच म्हण.

"मला नाही येत, बाबा. माझा विश्वास नाहीये."

मनगट सुटलं नाही. मला त्यांचा राग आला, देवाचा आला, त्या कापसाचा आला. आणि तशाच रागात, ऑफिसात कुणाला झापावं तशा आवाजात मी सुरू केलं. "हे बघ, हे माझे बाबा आहेत. ह्यांना श्वास नाहीये. ह्यांनी तुला सगळं सांगून झालंय, आता परत सांगायला लावू नकोस. ह्यांना सोडू नकोस. आईकडे बघ. काकांकडे बघ. सिस्टरांना सांभाळ." मग मला पुढे काही सुचेना. "झालं," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. नाही झालं. त्यांनी डोळे मिटले, दोन-तीनदा ओठ हलवून पाहिले, आणि होता नव्हता तेवढा वारा एकवटून त्याला म्हणाले, "ह्या चेडवाक इसरू नको."

माझ्या मनगटावरची त्यांची बोटं सैल होती. भीतीने धरलेला हात मी इतके दिवस ओळखत होते. हा तसा नव्हता. आपलं सगळं सुरक्षित ठिकाणी पोचलंय आणि आता फक्त एकच माणूस मागे राहिलंय, अशा निवांतपणे त्यांनी मला धरलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते गेले. त्यानंतरच्या रविवारी मी टेकडी चढून वर सिस्टरांच्या प्रार्थनेला गेले. विश्वास तेव्हाही नव्हता. पण बाबांनी माझं नाव ज्याच्यापाशी ठेवलं होतं, त्याला एकदा बघून तरी यावं, असं मला वाटलं.