न आलेली चक्कर

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. खरी मात्र एकदाही सांगितलेली नाही.

इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, आमच्या ओळखीच्या मराठी घरांमधून ती बहुतेकांना पाठ आहे. कुणी नवीन जेवायला आलं की माधुरी, माझी बायको, स्वतःच विषय काढते. "अरविंदने एका फुटबॉलवाल्याचा जीव वाचवलाय, माहितीये?" मग सगळे माझ्याकडे बघतात आणि मी ताटाकडे बघतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला डोंबलाचा! एकदा तर एका मित्राचा मुलगा म्हणाला, "काका, यू शुड राइट धिस डाउन." लिहितोय बाबा. घे.

पण सुरुवात कुठून करू? स्वतःपासून करावी, तर लगेच सबबी सुचायला लागतात — परका देश, एकटेपणा, अभ्यासाचं टेन्शन. नको. ड्वेनपासून करतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीहून सिव्हिल इंजिनिअरिंग करून ओहायोतल्या एका लहान गावात एम.एस. करत होतो. एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. माझा रूममेट, नागपूरचा बोकारे, नोकरी लागून न्यू जर्सीत पार्सिपनीला गेला आणि त्याच्या रिकाम्या खोलीत घरमालकीणबाईंनी ड्वेनला आणून ठेवलं. हा आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममधला. फुटबॉल म्हणजे त्यांचा, ज्यात पायाचा फारसा संबंध नसतो आणि चिलखत घालून एकमेकांवर आदळतात तो. ड्वेनचं काम समोरून धावत येणाऱ्याला आडवा करायचं. दारातून आत येताना तो जरा तिरका व्हायचा, एवढा रुंद. तीन वर्षं त्याने बाकावर बसून काढली होती. ते त्याचं शेवटचं वर्ष, आणि पहिल्यांदाच त्याचं नाव पहिल्या अकरात लागणार होतं.

मला त्याचा किती वैताग यायचा हे कसं सांगू?

ऑगस्ट महिना. सीझन सुरू व्हायच्या आधी त्यांचा सराव दिवसातून दोनदा चालायचा, भर उन्हात. मधल्या वेळेत हा घरी यायचा आणि आमच्या एकुलत्या एक बाथटबमध्ये पोती भरभरून बर्फ ओतून त्यात बसायचा. मी आंघोळीला कुठे जायचं? त्याच्या बुटांचा आणि खांद्यावरच्या पॅडचा ओला, आंबूस वास पडद्यांना लागला होता. माझं नाव अरविंद, हा मला 'आर्व्ही' म्हणायचा. मी कुकरला भात लावला की तो 'चव बघायचा', आणि कुकर रिकामा. आईने कुणाबरोबर तरी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी त्याने ब्रेडला फासून दोन-चार दिवसांत संपवली आणि वर मला विचारलं, तुमच्याकडचं हे पीनट बटर एवढं तिखट का असतं?

आणि त्या फुटबॉलच्या चाली! संध्याकाळी मी सोफ्यावर बसून एकेका कार्डावरची बाणांची चित्रं धरायची आणि त्याने खोलीच्या मधोमध वाकून, कोण कुठे धावेल ते ओरडून सांगायचं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी धरायचो. का? कारण जूनमध्ये मला सणकून ताप आला होता तेव्हा याच माणसाने मला उचलून जिन्यावरून खाली नेलं होतं आणि दवाखान्यात माझ्याशेजारी बसून राहिला होता. माझ्यावर उपकार होते ना त्याचे. उपकार करणाऱ्याचा वैताग येणं यासारखं चिडचिड करायला लावणारं दुसरं काही नाही. धड भांडता येत नाही, धड सहन होत नाही.

बघा, अजून मुद्द्यावर आलोच नाही.

एका दुपारी तो सरावाहून आला तो न बोलता सोफ्यावर आडवा झाला. डोळ्यांवर टॉवेल. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, सकाळी एकाशी टक्कर झाली, डोकं ठणकतंय. मग टॉवेल बाजूला करून माझ्याकडे बघितलं. "आर्व्ही, कुणाला बोलू नकोस. सगळ्यांनाच होतं हे. आता जर मला बाहेर बसवलं ना, तर मी कधी खेळलोच नाही असं होईल." मी म्हटलं, बरं. मला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंही नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी लायब्ररीतून घरी आलो, तर टेबलावर माझ्या थीसिसचं टाइप केलेलं प्रकरण होतं आणि त्या प्रकरणावर वितळलेल्या बर्फाची पिशवी होती. त्याने डोक्याला लावून तिथेच ठेवून दिलेली. पानं एकमेकांना चिकटली होती. हाताने काढलेल्या आकृत्यांची शाई सगळीकडे पसरली होती. माझ्या गाइडने ते प्रकरण आधी दोनदा परत केलं होतं. ड्वेन मागे येऊन उभा राहिला. "सॉरी, मॅन. मी टाइप करून देतो," असं म्हणाला. दोन बोटांनी टाइप करणारा माणूस! मी चपला घातल्या आणि निघालो.

मी कुठे निघालो होतो? पुढे लोकांना सांगताना मी नेहमी सांगतो, मला त्याची काळजी वाटली म्हणून मी ग्राउंडवर गेलो. खोटं. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की या माणसाला कुणीतरी एकदा अडवलं पाहिजे.

ग्राउंडवर शिट्ट्या चालू होत्या. कडेला टीमचा ट्रेनर उभा होता, पोरांचे घोटे बांधणारा, दुखापती बघणारा, पिकलेल्या मिशांचा माणूस. मी त्याला सांगितलं, की मी ड्वेनचा रूममेट, ड्वेनचं डोकं दुखतंय. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. एका मुलाच्या बोटाला पट्टी गुंडाळत म्हणाला, "ऑगस्टमध्ये इथे सगळ्यांचंच डोकं दुखतं, पोरा."

एवढ्यावर मी परत फिरायला हवं होतं. खरं तेवढंच होतं, आणि ते सांगून झालं होतं. पण त्या माणसाने मला झटकलं, पाच-सात पोरांसमोर, आणि माझं टाळकं सटकलं. या गावात माझं कुणी ऐकतच नाही का? गाइड ऐकत नाही, ड्वेन ऐकत नाही, आता हाही नाही?

मी म्हणालो, "काल तो स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडला. सिंकपाशी. बराच वेळ शुद्धीवर नव्हता."

पट्टी गुंडाळणारा हात थांबला.

आता पुन्हा, नीट लिहितो. ड्वेनला चक्कर आली नव्हती. तो पडला नव्हता. आदल्या दिवशी त्या वेळी तो स्वयंपाकघरात उभा राहून माझा भात खात होता.

नंतर सगळं फार भराभर झालं. ड्वेन सरावाला पोचताच त्याला बाजूला घेतलं, हॉस्पिटलमध्ये नेलं, डोक्याचे फोटो काढले. फोटोत काही निघालं नाही. पण शुद्ध हरपली होती म्हटल्यावर टीमचे डॉक्टर त्याला खेळू द्यायच्या कागदावर सही करेनात. ड्वेन ओरडून सांगत होता, मी पडलोच नाही. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? खेळायला मिळावं म्हणून पोरं असंच सांगतात हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्यावर मात्र सगळ्यांनी विश्वास ठेवला. चष्मा लावणारा, शांत, इंजिनिअरिंगचा परदेशी मुलगा. तो कशाला खोटं बोलेल?

त्याचा सीझन संपला. सुरू व्हायच्या आधीच.

मला वाटलं, आता हा येऊन मला बडवणार. खरं सांगतो, त्याने बडवलं असतं तर मी तिथेच कबूल केलं असतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. पण तो आला तो हळूच. माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"आर्व्ही, मी खरंच पडलो होतो का? मला काहीच आठवत नाहीये."

त्या डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं, की शुद्ध हरपलेल्या माणसाला ते आठवतच नाही. म्हणजे न आठवणं हाच पुरावा. एवढा आडदांड माणूस, आणि लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. एक शब्द पुरे होता. 'नाही.' मी तेव्हा रागातही नव्हतो. राग केव्हाच ओसरला होता. फक्त भीती होती — कॉलेज काय म्हणेल, व्हिसाचं काय होईल, सांगलीला काय कळवायचं.

मी म्हटलं, "हो. पडला होतास."

ग्राउंडवरचं खोटं रागाच्या भरातलं होतं असं म्हणता येईल. हे नव्हतं. हे मी विचार करून बोललो. चांगला विचार करून, त्याच्या डोळ्यांत बघून.

त्याने मान हलवली. "थँक्स, मॅन," म्हणाला. थँक्स! वर्षभर मग तो सामन्यांना स्टँडमध्ये बसायचा, मलाही ओढून न्यायचा आणि कोण कुठे धावणार ते आधीच सांगायचा. बरोबर निघायचं. पदवीदानाला त्याची आई आली होती. शाळेच्या कँटीनमध्ये काम करणारी, त्याच्याच बांध्याची बाई. तिने मला मिठी मारली आणि रडली. तू होतास म्हणून माझा मुलगा आहे, असं म्हणाली. मी तिच्या पाठीवर थोपटत उभा राहिलो. काय निर्लज्ज असतो माणूस!

तुम्ही म्हणाल, एक सीझनच तर गेला. तसं असतं तर बरं होतं. ड्वेनचे वडील विजेच्या खांबांवर चढून तारा दुरुस्त करायचे, आणि कॉलेज संपलं की त्यालाही तेच करायचं होतं. उंचावर त्याला फार मोकळं वाटायचं म्हणे. पण तिथे विचारतात, कधी शुद्ध हरपली होती का? ड्वेन खोटं बोलणारा नव्हता. त्याने 'हो' असं लिहिलं. मग एका गोदामात कामाला लागला आणि तिथेच राहिला. बरीच वर्षं तो गाडीसुद्धा एकटा चालवत नसे. त्याची बायको त्याला शिडीवर चढू देत नसे. त्याच्या घरातले दिवे शेजारी येऊन बदलायचा. हे सगळं तो मला फोनवर हसत हसत सांगायचा. दर वर्षी सीझन सुरू व्हायच्या सुमाराला त्याचा फोन यायचा. अजून येतो.

पुढे या खेळात डोक्याला मार बसून होणाऱ्या नुकसानीबद्दल पेपरांतून यायला लागलं आणि मग तर विचारूच नका. "आर्व्ही, तू सगळ्यांच्या आधी ओळखलंस!" माधुरीने ती कात्रणं जपून ठेवली. आणि मला वैताग येतो तो याच गोष्टीचा: कदाचित त्याचा खरंच फायदा झालाही असेल. कदाचित त्या सीझनमध्ये त्याचं काही बरंवाईट झालं असतं. मला काय ठाऊक? मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आणि पर्वाही नव्हती. मी त्याला वाचवायला गेलोच नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात तो मुलीला घेऊन आमच्याकडे आला. केस पिकलेत, गुडघे गेलेत, रुंदी तेवढीच. जेवणं झाल्यावर मुलीने मला विचारलं, की डॅड पडले तेव्हा तुम्ही नक्की काय बघितलं? डॅडना तर काहीच आठवत नाही. माधुरी हौसेने पुढे सरकून बसली.

आणि मी सांगितलं. तो सिंककडे कसा वळला, हात कसा सुटला, डोकं कपाटाच्या कडेला कसं लागता लागता राहिलं, मी त्याच्या तोंडावर पाणी कसं मारलं. इतक्या वर्षांत हे मी इतक्या तपशिलात कधी सांगितलं नव्हतं. कुठून येत होतं कुणास ठाऊक, पण अडखळलो कुठेच नाही. मुलीने बापाचा हात धरला होता.

ड्वेन खिडकीबाहेर बघत होता. मग हळूच म्हणाला, "नळ चालू होता. आता आठवतंय मला. पाण्याचा आवाज येत होता."

मी म्हणालो, "हो. चालू होता."

हे मी मराठीत लिहितोय. ड्वेनला मराठी येत नाही, आणि हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं.