अर्धं कॉमिक, मधे भिंत

शेजार जुना झाला की किस्से रद्दीसारखे साठतात. रद्दी न्यायला निदान रद्दीवाला येतो, किस्से कुणी नेत नाही! आमच्या शेजारच्या दोघा भावांचे, अण्णा आणि बबनरावांचे, इतके साठलेत की आता सांगायचाही कंटाळा येतो. पण दोन्ही घरांत चहा पिणारी मीच. मग सांगणार कोण?

*

सगळ्याचं मूळ एक जुनं अमेरिकन कॉमिक. त्यांच्या वडिलांनी रद्दीच्या दुकानातून आणलेलं. घोडदळाच्या पुढं जाऊन शत्रूचा माग काढणाऱ्या स्काउटची गोष्ट. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं, चित्रं बघून पाठ केलेलं!

त्यातला स्काउट जमिनीला कान लावून किती घोडी येतात ते सांगायचा. मग काय, लहानपणी हे दोघंही गल्लीत आडवे! बबन एकदा ओरडला, "अण्णा, लई घोडी यायल्यात!"

कोपऱ्यावरून आल्या गवळ्याच्या म्हशी, गिऱ्हाइकांपुढं धार काढून द्यायला चौकातल्या कट्ट्यावर निघालेल्या. अण्णा पळाले. बबन कान लावूनच. शेण थेट तोंडावर!

*

मोठेपणी वाटण्या झाल्या. घराच्या मधे भिंत आली. पातेली, गाद्या, सगळं निम्मं निम्मं. राहिलं कॉमिक. कुणीच सोडेना.

वाटणी करायला बसलेले मामा सकाळपासून उपाशी. म्हणाले, "मधनं फाडा आन् जेवायला वाढा!"

फाडलं की खरंच! पुढचा भाग अण्णांना, मागचा बबनरावांना. अण्णांच्या शेवटच्या पानावर स्काउट नदीत, मागून बाण येतायत. पलीकडचा किल्ला बबनरावांच्या घरात!

*

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत. अण्णांकडं तांबडा रस्सा शिजला की बबनराव म्हणायचे, "वैनी, सांगा त्याला, मीठ जास्त झालंय." नुसत्या वासावरून!

अण्णांचं उत्तर, "चाखायचं असंल तर दार उघडं हाय म्हणावं."

दार उघडंच होतं. झिजले ते माझे पाय!

*

गेल्या वर्षी अण्णा आजारी पडले आणि विसरायला लागले. आधी रस्ते, मग माणसं. अर्धं कॉमिक तेवढं उशाशी. मी गेले की विचारायचे, "वैनी, किल्ल्यात पोचला का वो त्यो?"

"पोचला की!"

"तुम्ही बघितलंय?"

"न्हाय."

"मग बबन्याला इचारा. फुडचं त्याच्याकडं हाय."

रोज हेच. शेवटी मी भडकून बबनरावांचं दार वाजवलं. "भाऊ चाललाय तुमचा. जावा की एकदा!"

ते खाली बघत म्हणाले, "त्यानं वळखलंच न्हाई तर, वैनी?"

त्या दिवशी मी निरोपाशिवाय परतले. पहिल्यांदाच!

*

परवा मात्र मी अण्णांकडं असताना बबनराव आले. हातात तो मागचा भाग. अण्णांनी वर बघितलं.

"या पावणं, बसा. गाव कंचं?"

मी पदर तोंडाला लावला. वाटलं, आता हा माणूस मागं फिरणार.

बबनराव बसले नाहीत. पानं कॉटवर ठेवली आणि एवढा पिकल्या केसांचा माणूस फरशीवर आडवा झाला. फरशीला कान लावला.

अण्णा बघत राहिले. बघतच राहिले. मग हळूच कॉटवरून वाकले.

"घोडी हाईत न्हवं रं, बबन्या? का पुन्हा म्हशीच?"