एकाच पंख्याचा पारा

गरिबी मोजायच्या ऑफिसात जन्म गेला की आकडे विसरतात, फजित्या तेवढ्या साचत जातात. रायपूर नवीनच राजधानी झालं तेव्हापासून मी याच कामात. कोणी विचारलं, "भाऊ, इतके वर्ष केलं काय?" तं माझ्यापाशी सांगायले फजित्याच निघतात!

*

आमच्या साहेब म्हणजे वर्मा मॅडम. घरोघरी सर्वेले जायच्या आधी म्हणाल्या, "फॉर्म पहिले स्वतःवर ट्राय करा."

मी इमानदारीनं भरला. घर? सासऱ्याचं. स्कूटर? बायकोच्या नावावर. शेती? नाही. बेरीज केली तं मी चक्क गरीब निघालो!

घरी जाऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणे, "याच्यासाठी सर्वे कायले पाहिजे होता? माझ्या बाबांनी लग्नातच सांगितलं होतं!"

*

मग शहराबाहेरच्या नव्या रायपुरात मीटिंग. एसी असा, की माझा जोडीदार गजभिये डोक्याले रुमाल बांधून बसला. विषय काय, तं भूक म्हणजे नेमकं काय! चर्चा इतकी रंगली की तिकडे कँटिन बंद झालं. बाहेर रस्ते हे रुंद, पण ना बस, ना चहाची टपरी.

कसेबसे शहरात तेलीबांध्याले पोचलो. गजभियेनं समोशाच्या प्लेटीवर अशी झडप घातली की मॅडम म्हणाल्या, "हे मीटिंगमध्येच करून दाखवलं असतं तर लवकर सुटलो असतो!"

*

आता उरला म्हणून रायपूरचा कारखान्यांचा भाग आहे, तिथलं ऐका. कारखान्यांच्या मागं एक पारा, म्हणजे वस्ती. तिथं सुखमती राहे. रोलिंग मिलमध्ये नवऱ्याचा हात गेला, तो घरीच. चूल पेटे ती रेशन कार्डावरच्या स्वस्त तांदळावर. आन् ते कार्ड राहील की जाईल, हे आमच्या फॉर्मावर! मॅडमचा नियम एकच, डोळ्यानं दिसन तेच लिहायचं.

आम्ही ज्या घरी जावं तिथं लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबल फॅन, स्टीलचे ग्लास. लिहून टाकलं. पूर्ण पारा खाऊन-पिऊन सुखी!

ऑफिसात गजभिये म्हणे, "भाऊ, सगळ्याच पंख्यायची जाळी एकाच बाजूनं काहून चेपली असन?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या पाऱ्यात पंखा एकच होता! साहेब लोक येऊन राहिले, त्यायले बसवावं कुठं, म्हणून पोट्टे पंखा न् खुर्च्या घेऊन मागच्या गल्लीतून आमच्या पुढं पळत होते. आम्ही त्याच खुर्च्या मोजत गेलो, वर त्याच ग्लासात चहा पिऊन आलो! आन् त्यापायी सुखमतीचा तांदूळ बंद होऊन राहिला होता. मी फॉर्म घेऊन मॅडमकडे पळालो.

*

मॅडमनं परत पाठवलं. सुखमतीले म्हटलं, "दीदी, काही आणू नका. आम्ही खालीच बसतो."

ती दारात आडवी उभी. "मोर घर में पहुना भुइयां में बइठही?"

"अवो दीदी, पाहुणे जमिनीवर बसले तं काय होते? खुर्ची दिसली तं कार्ड जाईल!"

"जान दे!" म्हणे, आन् निघाली शेजारी खुर्च्या आणायले. नवरा आतून तांदळाच्या नावानं ओरडून राहिला, पण ऐकते कोण! ती खुर्ची घेऊन यायच्या आत आम्ही पळालो, फॉर्म तसाच कोरा.

*

शेवटी डोकं मॅडमनं चालवलं. आम्ही जीपच्या टपावर ऑफिसच्याच खुर्च्या बांधल्या न् गेलो उरल्याले! सुखमतीच्या घरात मांडल्या, ऐटीत बसलो, आन् बसल्या बसल्या लिहिलं: खुर्ची नाही, पंखा नाही.

"दीदी, तुमचं कार्ड आता कुठंच जात नाही," म्हटलं. तिनं पदरानं डोळे पुसले. नवरा पहिल्यांदाच हसला. मले इतकं बरं वाटलं म्हणता, छाती फुगवूनच बाहेर आलो. खुर्च्या परत टपावर चढवल्या, निघालो.

थोडं पुढं गेल्यावर आमच्या ड्रायव्हरनं, रामटेकेनं, कागदाची एक पुडी माझ्या हातात देल्ली. आत मुरमुरे न् गूळ.

"हे काय रे?"

"सुखमती दीदीनं देल्लं, तुमच्यासाठी. खुर्च्या बांधताना मले हळूच विचारून राहिली होती, या बिचाऱ्यायले कोनीच आपल्या घरी बसा म्हनत नाही का?"