चोवीस वायरींची किनार

मायाप्पाचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. त्याचे वडील दोनशे मेंढरांतली आपली एकेक मेंढी पाठमोरीही ओळखायचे, तरी बाजाराला नेताना प्रत्येकीच्या गळ्यात रंगीत धागा बांधायचेच. मायाप्पा आयटीआय करून सोलापुरात आला आणि कारखान्यांना, कार्यालयांना इंटरनेट व टेलिफोन जोडून देणाऱ्या कंपनीत लागला. मेंढरं सुटली, धागा सुटला नाही. बाकीचे लोक वायरीवर छापील चिठ्ठी चिकटवत. मायाप्पा म्हणे, चिठ्ठी धुळीनं गळून पडते, धागा राहतो. त्याच्या पिशवीत पकडीशेजारी सहा रंगांची रिळं असत.

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याची लाइन तो नऊ वर्षं सांभाळत होता. फोन बंद पडला की तिथली माणसं कंपनीला कळवण्याआधी मायाप्पाला कळवत. हा मान त्याला पगाराहून मोठा वाटे.

यंदा कारखान्याचं ऑफिस नव्या इमारतीत गेलं. बांधकामाच्या वेळी कुणीतरी चोवीस वायरी भलत्याच क्रमानं ओढून ठेवल्या होत्या. मायाप्पानं दोन दिवस खपून एकेक वायर कुठं निघते ते शोधलं, सगळ्या एका पट्टीवर ओळीनं बसवल्या आणि प्रत्येकीला विभागाच्या रंगाचा धागा बांधला. हिशेबाला लाल, निर्यातीला पिवळा, माल पाठवणाऱ्यांना निळा, गेटला काळा, असं. कागदावर काही लिहिलं नाही. धागे होते ना.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला परदेशी गिऱ्हाईक फोनवर येणार होतं. तोवर लाइन सुरू झाली नाही तर पुढचं काम पुण्याच्या लोकांना देऊ, असं मॅनेजर प्रभुलिंग यांनी शांतपणे सांगितलं होतं. मायाप्पा गेटपाशी मुख्य केबल जोडून दीड वाजता परत आला. वायरींची खोली लख्ख झाडलेली, आणि पट्टीवर एकही धागा नाही. दारात दगडाबाई उभ्या होत्या, गळ्यात कात्री अडकवून.

"अक्का, हितले धागे?"

"कापले की. लई लोंबत हुते. सायेब म्हनले, खोली नीट करा."

दगडाबाई बावीस वर्षं टॉवेलचे सुटे धागे कापत आल्या होत्या. लोंबता धागा दिसला की त्यांचा हात थांबत नसे. कापलेले धागे चिंधीच्या पोत्यात गेले होते, आणि त्या पोत्यात सगळ्या कारखान्याचे रंग होते.

मायाप्पा रागावला नाही. स्टुलावर बसला आणि ते धागे कशाचे होते ते, आणि तीनची मुदतही, त्यानं सांगितली. चोवीस वायरी पुन्हा शोधायला आणखी दोन दिवस लागले असते.

"मंग आता हितलं काम जातंय तुजं?"

"जाईल की."

दगडाबाईंनी पदर खोचला आणि पट्टीसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग डावीकडून बोट ठेवलं.

"बांध. दोन लाल. मग पिवळा. मग हिरवं तीन."

"अक्का, एवढं ध्यानात ऱ्हातंय?"

"टावेलाच्या किनारीगत हाय ती वळ. चुकलेली किनार मी कंदी पुढं जाऊ दिली न्हाय."

त्या सांगत गेल्या, तो बांधत गेला. पहिली लाल वायर त्यानं मुख्य लाइनला जोडली आणि हिशेबाच्या टेबलावर घंटी वाजली. शेवटी एका जागी त्या अडखळल्या, निळा की काळा. काळा म्हणाल्या, तर घंटी गेटऐवजी माल पाठवणाऱ्यांकडं वाजली. तेवढी एक अदलाबदल करावी लागली. तीनला दहा मिनिटं असताना चोवीसही वायरी बोलू लागल्या.

प्रभुलिंग आत आले. एवढा उशीर का, असं त्यांनी विचारलं. मायाप्पा म्हणाला, गाठी सैल बांधल्या होत्या, सुटल्या.

"खोटं बोलू नगंस," दगडाबाई मागून म्हणाल्या. "सायेब, कात्री माजी हाय."

प्रभुलिंगांनी एकदा कात्रीकडं पाहिलं, एकदा धाग्यांच्या ओळीकडं. तेवढ्यात निर्यातीचा फोन वाजला आणि ते तिकडं गेले. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

ते गेल्यावर दगडाबाईंनी मायाप्पाला खाली बसवलं. "तू गाठीला लोंबती शेंडी ठिवतोस, म्हनून कापलं मी. हे बघ." धागा धाग्यात मिसळून टोक न ठेवता बांधायची विणकरी गाठ त्यांनी त्याला तीनदा करून दाखवली. चौथ्यांदा त्याला जमली.

आता शहरातल्या बँकांत, दवाखान्यांत मायाप्पा जिथं जिथं वायरी लावतो, तिथं रंगीत धागे असतात. लोंबतं टोक मात्र एकाचंही सापडत नाही.